ती हसली की बंद

माझा नवरा सोमेश्वर लग्नांचं मिक्सिंग करतो. मिक्सिंग म्हणजे लग्नात काढलेलं सगळं शूटिंग कापायचं, जोडायचं, त्याला गाणी लावायची, नवरीचा चेहरा चंद्रात बसवायचा, नवरदेवाला गुलाबातून बाहेर काढायचं आणि तीन तासांचा व्हिडिओ करून द्यायचा. शिरूर कासारला मेन रोडवर आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. शूटिंगलाही तोच जातो. मी नावं टाईप करते, अल्बमचे फोटो निवडते आणि गिऱ्हाईक आलं की चहा टाकते. नवऱ्याला मी तोंडावर अहो म्हणते. मनात जे म्हणते ते इथं लिहिते आहे, म्हणून इथं तो नुसता 'तो' आहे.

ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या सुमारास गावाकडं परत आली की आमच्याकडं लग्नांची झुंबड उडते. सगळ्यांना व्हिडिओ एकदमच पाहिजे असतो. त्या गर्दीत यंदा एक ऑर्डर आली आणि माझं जेवणावरचं मन उडालं. ऑर्डर चकलांब्याच्या धनश्रीच्या लग्नाची होती.

धनश्री कोण ते आधी सांगते. माझ्या आधी सोमेश्वर जिला बघायला गेला होता ती ही. पोहे झाले, प्रश्न झाले, पोरगी याला पसंत, सासूबाईंनाही पसंत. तिच्या बापानं मात्र सांगितलं की पोरगा कॅमेरा गळ्यात अडकवून गावोगाव हिंडतो, याला पोरगी द्यायची नाही. मग सहा महिन्यांनी हे लोक आमच्या दारात आले. हे सगळं मला सासूबाईंनीच सांगितलं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मी भाकरी थापत असताना. "पोरगी लई देखणी हुती गं. पर आपल्या नशिबात नव्हती." असं म्हणून त्यांनी माझ्याच हातची भाकरी ताटात घेतली. त्या दिवसापासून ती न पाहिलेली बाई माझ्या घरात राहायला आली ती गेलीच नाही.

चार वर्षं तिच्या बापानं नोकरीवाला शोधला आणि शेवटी मिलिटरीतला शिवशंकर मिळाला. तिचा भाऊ अंगद हा सोमेश्वरचा कॉलेजातला मित्र. त्यानं येऊन ऑर्डर दिली.

मी म्हणाले, "ही ऑर्डर घेऊ नका."

"कावून?"

"कावून म्हणजे? तुमाला ठाव न्हाई का?"

"लग्नसराईत आलेलं काम सोडायचं का? धंदा हाय ह्यो," असं म्हणून तो कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावायला उठला.

लग्नाच्या दिवशी या धंदेवाल्या माणसानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि अत्तर लावलं. एरवी शूटिंगला जाताना तो काल घातलेलाच शर्ट झटकून परत घालतो. कॅमेऱ्यात वास येत नाही, एवढंच मी म्हणाले. त्यानं गाडीला किक मारली.

मिक्सिंगला बसल्यावर तिसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला.

आमचा कॉम्प्युटर जुना आहे आणि त्यातलं विंडोज सेवन त्याच्याहून जुनं. त्याच्याकडं आता कंपनीही बघत नाही म्हणतात. पण नवं विंडोज टाकलं तर मिक्सिंगचा प्रोग्राम उघडत नाही, आणि नवा प्रोग्राम घेतला तर तो या कॉम्प्युटरला झेपत नाही. त्यामुळं सोमेश्वरनं त्याला कधी हात लावला नाही. फक्त दसऱ्याला झेंडूचा हार घालतो.

बंद पडायची जागा ठरलेली होती. जेवणावळी उठल्यावर, नवरीचे एकटीचे फोटो काढतात तेव्हाची ती क्लिप. धनश्री स्टेजवर उभी, मान खाली, मागं फुलांची भिंत. चित्र झटके खात पुढं सरकायचं, आवाज अजिबात यायचा नाही. मग ती मान वर करायची आणि हसायची. ती हसली की स्क्रीन पांढरी. वर इंग्रजीत पाटी, की प्रोग्रामनं काम थांबवलं आहे, आणि खाली कुठल्यातरी लायब्ररीचं नाव.

लायब्ररी म्हणजे काय ते त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं. लग्नात आचारी एकटा सगळं करत नाही, वाढपी लागतात. कोण भात वाढतो, कोण वरण. तसं प्रोग्रामही एकटा सगळं करत नाही. चित्र उघडायला एक लायब्ररी, आवाजाला दुसरी, चंद्राला तिसरी. त्यातली एक जरी आडवी झाली तरी पंगत थांबते.

"कोण आडवी झालीय?" मी विचारलं.

"तेच बघायलोय," तो म्हणाला आणि त्यानं प्रोग्राम परत चालू केला.

मी मागच्या खुर्चीत बसून दुसऱ्या लग्नाची नावं टाईप करत होते. चि. आणि चि. सौ. कां. माझी बोटं चालत होती, पण डोळे समोरच्या स्क्रीनवर. मला एकच गोष्ट दिसत होती. नवरी मान वर करते आणि हसते. कशाकडं बघून हसते? कॅमेऱ्याकडं. कॅमेरा कोणाच्या हातात? मी हजारभर नवऱ्या या स्क्रीनवर बघितल्या आहेत. कॅमेरामन सांगतो म्हणून नवरी जे हसते ते हसू मला झोपेतही ओळखता येतं. ओठ फाकतात, डोळे तसेच राहतात. हे तसं नव्हतं. ही डोळ्यांनी हसत होती, आणि सरळ समोर बघून.

आधी त्याला वाटलं चंद्रामुळं होतंय. त्यानं चंद्र काढला. चालवून बघितलं, ती हसली, बंद. मग वाटलं व्हिडिओ जड झालाय. जड झालाच होता, कारण आमच्याकडं लग्न म्हणजे निम्मा वेळ पुढाऱ्यांचे सत्कार. मंगलाष्टकं कापली तर कोणी विचारत नाही, पण सत्कारातला एक फेटा जरी कापला तरी तो माणूस दुकानावर येतो. म्हणून त्यानं सत्कार तेवढे वेगळे काढून ठेवले. चालवून बघितलं. ती हसली, बंद. मग नेटवरून कुठलीतरी लायब्ररी आणून जुनीच्या जागी टाकली. त्यानं एवढंच झालं की स्क्रीनच्या कोपऱ्यात वजन कमी करण्याच्या जाहिराती यायला लागल्या. ती काढली, सगळा प्रोग्राम उडवला, परत टाकला. आणि परत तीच क्लिप लावली.

प्रत्येक वेळी तपासायचं म्हणजे तीच क्लिप लावायची. म्हणजे माझ्या घरात, माझ्या देखत, माझ्याच नवऱ्याकडं बघून ती बाई दिवसभर हसत होती. आणि तो दर वेळी पुढं वाकून बघत होता.

"ती क्लिप काढून टाका ना," मी म्हणाले. "एवढ्या तीन तासांत तिचं एक हसणं नसलं तर काय बिघडंल?"

"न्हाई. लई भारी आलाय त्यो शॉट."

"बाकीच्या नवऱ्यांचे शॉट भारी येत न्हाईत का? त्या काय तोंड वाकडं करत्यात?"

"तुला कळत न्हाई त्यातलं. ह्यो शॉट टायटलला घेणारंय मी."

टायटलला! म्हणजे व्हिडिओ लावला की सगळ्यात आधी ते हसू. माझ्या लग्नाच्या व्हिडिओच्या टायटलला गणपती आहे. मी तिसऱ्या मिनिटाला येते, तेही पाठमोरी, आणि मला चंद्रही नाही. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाला होता, आपल्या घरचं साधंच बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई लसूण सोलायला पुढच्या खोलीत येऊन बसल्या. स्क्रीनवर धनश्री गोठलेली होती, पाटी यायच्या आधीचा क्षण. "ह्यी तीच न्हवं?" त्या म्हणाल्या. "आजून बी तशीच हाय बग." मी लसणाचं सूप उचलून आत नेलं. त्यांना वाटलं मी मदत करते आहे.

संध्याकाळी मी त्याला म्हणाले, "दुसरं कुठलं लग्न लावून बघा की. समदीकडंच बंद पडतंय का हितंच?" खरं तर मला ती स्क्रीनवरून हलवायची होती. त्यानं शिरापूरचं एक लग्न लावलं. चंद्रासकट, गुलाबासकट, सत्कारासकट सरळ चाललं. नवरी हसली तरी चाललं.

"बगा," मी म्हणाले, "प्रोग्राम धडधाकट हाय. हिलाच बघून त्याला चक्कर येतीया."

तो हसला नाही. तो त्या क्लिपच्या नावाकडं बघत बसला. नावात काही कळण्यासारखं नव्हतं. त्याची पद्धत अशी, की कॅमेऱ्याचं, ड्रोनचं, घरच्या लोकांनी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं, सगळं एका फोल्डरमध्ये ओतायचं आणि विधींच्या क्रमानं नंबर टाकायचे. बस्ता, हळद, नवरदेवाच्या परण्याची मिरवणूक, लग्न, जेवणं. एकदा नंबर पडले की कुठली क्लिप कुठून आली ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. पण नवरदेवाची रजा संपत आली होती. अंगद सकाळीच सांगून गेला होता, "सोम्या, दाजी परवा निघायलेत ड्युटीवर. त्येच्या आत दे बे." म्हणून शेवटी त्यानं बीडला गहिनीनाथला फोन लावला. गहिनीनाथचाही मिक्सिंगचाच धंदा, आणि आमच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"माझ्याकडं बी गेल्या वर्षी सेम झालतं," गहिनीनाथ म्हणाला. "आपली लायब्ररी जुनी हाय. नव्या मोबाईलात शूटिंग वेगळ्याच फॉरमॅटात होतंय, ते तिला झेपत न्हाई. दोनचार सेकंद ओढती अन् बसती. क्लिप कशावरची हाय?"

"माझ्याच कॅमेऱ्याची हाय."

"नीट बघ बे. मोबाईलची असंल कुनाची तरी."

"आरं, माझीच हाय! मी हुतो ना तिथं समोर. मला ठाव न्हाई का?"

हे तो इतक्या जोरात म्हणाला की गहिनीनाथनं फोनच ठेवला. मी होतो ना तिथं समोर. चार वर्षांत या माणसानं माझ्याविषयी कुठली गोष्ट इतकी ठासून सांगितल्याचं मला आठवेना. माझी जन्मतारीखसुद्धा तो आधार कार्ड बघून सांगतो. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आला तो संताप, आणि संतापात मला एकच पाहिजे होतं: हसल्यावर पुढं ती काय करते ते बघायचं. कॉम्प्युटर तिथंच बंद पडत होता आणि पुढचं सगळं मी माझ्या मनानं रचत होते. मी रचलेलं फार वाईट होतं.

"माझ्या मोबाईलात घ्या ती क्लिप," मी म्हणाले. "माझा मोबाईल नवा हाय. त्येच्यात चालंल."

"तुला कशाला पायजे?"

"चालती का न्हाई ते कळंल की. चालली तर गहिनीनाथ भाऊजी म्हणत्यात ते खरं. न्हाई चालली तर तुमचं खरं."

त्यानं केबल लावली. मी मोबाईल हातात धरला, तो खुर्ची सरकवून माझ्या शेजारी आला. मी क्लिप लावली.

क्लिप चालली. एकही झटका नाही. आणि आवाजासकट.

धनश्री स्टेजवर, मान खाली. मंडपातली भांडी, कोणाचं तरी बाळ रडतंय. मग थोड्या लांबून, डाव्या बाजूनं, माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"धनश्री, वर बघ जरा."

सोमेश्वर सगळ्या नवऱ्यांना ताई म्हणतो. ताई, मान वर. ताई, हात जोडा. मंत्र्याच्या पुतणीलाही ताई म्हणाला होता. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्याशीही तो अशा आवाजात बोलत नाही.

तिनं वर बघितलं नाही. पदराची पिन नीट करत राहिली.

"धनश्री," परत तोच आवाज, आणखी हळू.

आणि मग अगदी जवळून, मोबाईल धरणाऱ्याच्या तोंडून, "ओ फौजीणबाई! हिकडं बगा की, ह्या गरिबाकडं!"

तिनं मान वर केली आणि हसली. डोळ्यांनी. मोबाईल हलला, धरणाराही हसत होता, आणि फ्रेममध्ये त्याचा मेंदी लावलेला अंगठा आला. मग कोणीतरी ओरडलं, "दाजी, तुमी तिकडं स्टेजवर जावा की, शूटिंगवाल्याला करू द्या!" क्लिप संपली.

मी हसत सुटले. दोन दिवसांचा जीव माझा असा एकदम मोकळा झाला. ती तिच्या नवऱ्याकडं बघून हसली होती! तो याच्यापासून चार पावलांवर उभा होता, आपल्या नव्या मोबाईलवर आपल्या नव्या बायकोला टिपत. ती क्लिप पेनड्राइव्हवरून आली आणि यानं तिला आपल्यातला नंबर दिला. मी मनात धनश्रीची माफीही मागून टाकली. बिचारीनं माझ्या नवऱ्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"बघा, तुमची न्हाईच ती क्लिप! तिच्या मालकाची हाय!" असं म्हणत मी त्याला कोपर मारलं आणि त्याच्याकडं बघितलं.

तो मोबाईलकडंच बघत होता, क्लिप संपली तरी. मी त्याचा चेहरा नापास झालेल्या दिवशी बघितलेला नाही, पण तो तसाच दिसला असणार. कान लाल झाले होते.

माझं हसू तिथंच थांबलं. मला जे वाटत होतं की ती याच्याकडं बघून हसली, तेच त्यालाही वाटत होतं. मला त्याचा त्रास होत होता. तो त्याच्यावर जगत होता.

तो खुर्ची मागं सरकवत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. काढून टाकू ती क्लिप."

"कावून?"

"हललीय लई. मोबाईलची हाय. क्वालिटी न्हाई."

दोन दिवस ती क्लिप काढा म्हणून मी डोकं फोडत होते तेव्हा तिच्याएवढी क्वालिटी जगात नव्हती. आता तो आपणहून काढत होता आणि मला कळत होतं की कशासाठी. ते मला सहन होईना. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही याचं त्याला दुःख झालंय, आणि ते दुःख तो माझ्या शेजारी बसून करतोय!

"काढायची न्हाई," मी म्हणाले. "ठेवायची. त्येंच्या लग्नातली सगळ्यात चांगली क्लिप हाय ती."

मी कधी दुकानाच्या कामात अशी बोलत नाही. गहिनीनाथला मीच परत फोन लावला. त्यानं सांगितलं तसं मोबाईलमध्येच ती क्लिप जुन्या फॉरमॅटात करून घेतली आणि केबलनं परत कॉम्प्युटरमध्ये टाकली. सोमेश्वरनं ती तिच्या जागी लावली. जुन्या लायब्ररीनं यावेळी कुरकुर केली नाही. धनश्री हसली, हसून झाली, अंगठा आला, पुढचा विधी सुरू झाला.

"चंद्र लावू का?" त्यानं विचारलं. मला विचारत होता, माझ्याकडं न बघता.

"नको. आवाज ठेवा फक्त."

मिक्सिंगमध्ये क्लिपांचा आवाज आम्ही काढूनच टाकतो, वर गाणं असतं. त्याचा हात माऊसवर थांबला.

"आवाज कावून?"

"तिच्या नवऱ्याचा आवाज हाय त्यात. त्यो परवा निघाला बॉर्डरवर. तिला ऐकायला पायजे असंल."

याच्यावर त्याला नाही म्हणता येईना, आणि आवाज ठेवायचा म्हणजे आधीचे दोन 'धनश्री'ही त्यात राहणार, हे त्याला समजत होतं. ते अंगद ऐकणार, शिवशंकर ऐकणार, चकलांब्याचं सगळं घर टीव्हीसमोर बसून ऐकणार. मी काही सुचवलं नाही. हाताची घडी घालून खुर्चीत बसून राहिले.

त्यानं क्लिप सुरुवातीला नेली. कापायची खूण पुढं सरकवली, जिथं त्याचा आवाज संपतो आणि शिवशंकरचा सुरू होतो तिथं आणली. तेवढा तुकडा कापला तर क्लिप 'ओ फौजीणबाई'पासून सुरू होईल आणि कोणाला काही कळणार नाही. बरोबर काम होतं. कुठं कापायचं ते ठरवायला आधी ऐकून बघावं लागतं, हेही मला माहीत आहे. इतकी वर्षं शेजारी बसते आहे. त्यानं ऐकलं.

"धनश्री, वर बघ जरा."

कुठं कापायचं ते एकदा ऐकलं की कळतं. त्यानं खूण परत मागं नेली, दुसऱ्यांदा ऐकलं आणि मग कापलं.